फुग्याचा आवाज

फुग्याच्या आईला एक काळजी लागली होती आणि काही केल्या ती सुटत नव्हती. कपडे वाळत घालताना, भाजी चिरताना, जिन्यात शेजारणीशी बोलताना ती सोबत असायचीच. फुग्या रोज संध्याकाळी फोन करायचा. "आई, जेवणं झाली? बाबांनी गोळी घेतली?" एवढंच बोलायचा. पण त्या एवढ्याशा बोलण्यातही मधेच एक खरखर यायची. सरकत्या दाराखाली वाळूचा खडा अडकला की येते ना, तशी.

"आज जास्त होती," फोन ठेवून ती म्हणाली.

"लाइन खराब असेल," बाबा पेपरामागून म्हणाले.

"लाइन खराब असती तर दुपारी तुमच्या बहिणीचा आवाजही तसाच आला असता. तासभर बोलल्या, एक अक्षर चुकलं नाही."

"तिला लाइन लागतच नाही. खिडकी उघडी ठेवलीस तरी ऐकू येईल."

एरवी ती हसली असती. त्या दिवशी हसली नाही. गळ्याच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की फुग्याच्या स्वरतंतूवर गाठ आहे, साधी आहे, पण आत्ताच काढायला हवी. मग महिनाभर तोंडातून शब्द काढायचा नाही. तसं केलं तर आवाज परत येईल. गाठीवर ताण देत राहिला तर ती घट्ट होईल, आणि पुढे ऑपरेशन करूनही पूर्वीचा आवाज येईल याची खात्री नाही. हे सगळं ऐकून फुग्याने मान हलवली होती, आणि दोनदा तारीख पुढे ढकलली होती. आता येत्या शुक्रवारची तारीख होती. त्यानंतर डॉक्टर बराच काळ परदेशी जाणार होते. आणि फुग्या म्हणत होता, हीही जमणार नाही.

दुसऱ्या कुणाचा गळा असता तर माणूस बसलेल्या आवाजानेही नोकरी करतो, संसार करतो. फुग्याचं पोटच आवाजावर होतं. ज्याचा चेहरा एके काळी चित्रपटगृहांच्या भिंतीभिंतींवर होता, त्याला बेचाळिसाव्या वर्षी चेहऱ्याने कोणी ओळखत नव्हतं. आवाजाने मात्र ओळखत होते. आणि हा आवाज त्याने जिद्दीने कमावला होता. तो कसा कमावला ते सांगायचं, तर एका सुजलेल्या गालापासून सुरुवात करावी लागेल.

फुग्या पाच वर्षांचा असताना आई एका शाळेत गणित शिकवायची. सुट्टीत शाळेच्या इमारतीत चित्रपटाचं शूटिंग होतं. मुख्याध्यापकांनी लक्ष ठेवायला म्हणून तिला बोलावलं, आणि पोराची दाढ दुखत होती, घरी कोणी नव्हतं, म्हणून ती त्याला बरोबर घेऊन गेली. शिक्षकांच्या खोलीत तो बाकावर बसला होता. उजवा गाल टम्म फुगलेला, डोळ्यांत पाणी, आणि चेहऱ्यावर असा भाव की जग त्याचं काही तरी देणं लागतं.

ज्या मुलाला घेऊन काम सुरू करायचं होतं, त्याला त्याच सकाळी कांजिण्या निघाल्या होत्या. दिग्दर्शक डोक्याला हात लावून फिरत होता. दारातून त्याने फुग्याला पाहिलं आणि तिथेच थांबला.

"हा कोणाचा?"

"माझा," आई म्हणाली. "काही तोडफोड केली का त्याने?"

"बाई, हा गाल मला पाहिजे."

त्या दिवशी तीन दृश्यं झाली. पोरगा सुजलेल्या गालाने बूट पुसतो, सुजलेल्या गालाने गिऱ्हाइकाकडे बघतो, सुजलेल्या गालाने रुसतो. सगळं युनिट खूश. चार दिवसांनी दुसऱ्या दृश्यांसाठी बोलावलं, तर तोवर दाढ काढून झाली होती आणि गाल चपटा झाला होता.

"गाल कुठे गेला?" दिग्दर्शक ओरडला.

"बरा झाला," आई म्हणाली.

"बरा कशाला केलात!"

झालेली दृश्यं पुन्हा करायला निर्माता तयार नव्हता. मग मेकअपवाल्याने तोडगा काढला. पोराच्या गालात कापसाचा बोळा ठेवायचा. एकाच बाजूला ठेवला की चेहरा वाकडा दिसायचा, म्हणून दोन्ही बाजूंना; आधीच्या दृश्यांत एकच गाल फुगलेला आहे, हे कोणी मोजत बसणार नाही असं ठरलं. बोळे घातलेला पोरगा गोंडस दिसायचा यात वाद नाही. 'फुग्या' हे नाव चित्रपटातल्या पोराला तिथेच पडलं, आणि मग खऱ्या पोरालाही चिकटलं ते कायमचं. फक्त एकच झालं, की त्या बोळ्यांमुळे तो काय बोलतोय ते कोणालाच कळेना. "साहेब, बूट पुसू का?" म्हणाला की "हाहेब हूट हुहू हा" असं ऐकू यायचं.

"बोलू दे काय बोलायचं ते," दिग्दर्शक म्हणाला. "आवाज नंतर लावू."

तेव्हा आवाज नंतरच लावत. लहान मुलांना तर बहुधा मोठ्या बायकाच आवाज द्यायच्या. तरी आईने विचारलं, "त्याचाच लावाल ना?" कोणीतरी "हो हो" म्हणालं. कोण म्हणालं ते तिला आजही आठवत नाही.

चित्रपट पूर्ण होत आला तेव्हा ती त्याला घेऊन डबिंगच्या खोलीत गेली. भिंतींना जाड गाद्या लावलेल्या, दाराबाहेर चपला काढायच्या, आत अंधार. समोर पडद्यावर फुग्याचा चेहरा. तोच तुकडा पुन्हा पुन्हा फिरत होता. आणि कोपऱ्यात माइकसमोर एक किडकिडीत बाई उभी होती. नाकावर चष्मा, कपडे धुऊन धुऊन मऊ पडलेले, कारण कडक कपड्यांची सळसळ माइकला ऐकू येते. हातातलं घड्याळ काढून ठेवलेलं, त्याची टिकटिकही नको. तिने मान जराशी वर केली, गळा आवळला, आणि पाच वर्षांच्या पोराच्या ठसक्यात म्हणाली, "वय काय विचारता? काम सांगा!"

पडद्यावर फुग्याचं तोंड हललं आणि त्यातून तिचा आवाज आला.

फुग्याने आईचा हात घट्ट धरला. "आई, तिने माझं तोंड घेतलं."

"घेतलं नाही रे. तुला मदत करतेय."

"मी कुठे मागितली?"

चित्रपट लागला आणि "वय काय विचारता? काम सांगा!" जिथे तिथे ऐकू येऊ लागलं. दुकानदार म्हणू लागले, रिक्षावाले म्हणू लागले, आईच्या वर्गातली मुलं गणित विचारलं की म्हणू लागली. पुढच्या सात वर्षांत फुग्या एकामागून एक चित्रपटांत झळकला. पहिल्या दोन-तीन चित्रपटांत बोळे होते, नंतर त्याचे गालच तसे भरले. आवाज मात्र प्रत्येक वेळी त्याच बाईचा. घरात तिचं नाव पडलं 'आवाजवाली'.

फुग्या नऊ वर्षांचा असताना एका चपलांच्या दुकानाच्या उद्घाटनाला त्याला बोलावलं. बूट पुसणारा पोरगा आणि चपलांचं दुकान, दुकानमालकाच्या डोक्यातून निघालेली कल्पना. रस्ता माणसांनी भरला होता. फीत कापून झाली आणि लोक ओरडू लागले, "वाक्य! वाक्य!"

फुग्या टेबलावर चढला. छाती फुगवली आणि आपल्या आवाजात म्हणाला, "वय काय विचारता? काम सांगा!"

त्याचा आवाज जन्मापासून घोगरा. जाडसर, थोडा बसका. पोराच्या तोंडून एखाद्या मामाने बोलावं तसा. मग मागून कोणी तरी म्हणालं, "अरे, हा तो नाहीच! डुप्लिकेट आणलाय!" आणि हशा पिकला. एका बाईने पुढे येऊन त्याचा गाल ओढून बघितला. दुकानमालकाने आईला बाजूला घेतलं. "बाई, खरं सांगा, दुसरा भाऊ तर नाही ना आणलात?"

"मला एकच मुलगा आहे," आई म्हणाली, "आणि तुम्हाला एकच दुकान दिसतंय. दोघांचीही आज शोभा झाली, आता पुरे." आणि पोराला टेबलावरून उतरवून ती चालू लागली.

तिला वाटलं होतं, घरी जाईपर्यंत तो रडेल. तो रडला नाही. अर्ध्या रस्त्यात म्हणाला, "पुन्हा म्हणून दाखवू? बरोबर सांग हं." मग चालता चालता त्याने ते वाक्य किती वेळा म्हटलं कोण जाणे. आवाज वर नेऊन, खाली आणून, नाकातून, घशातून. दारापाशी पोहोचल्यावर म्हणाला, "तिच्यासारखं नकोच. माझ्यासारखंच नीट यायला पाहिजे."

नऊ वर्षांचं पोर ते. आईला तेव्हाच कळलं, की हा चिकाटीचा निघणार आणि आपल्या जिवाला घोर लावणार. दोन्ही खरं झालं.

त्यानंतर काही महिन्यांनी एका सिनेमाच्या मासिकात आवाजवालीची मुलाखत आली. मुलाखत घेणाऱ्याने विचारलं होतं की फुग्याच्या यशात तुमचा वाटा किती. ती म्हणाली होती, "गाल त्या पोराचे. बाकी सगळी मी."

आईच्या अंगाचा तिळपापड झाला. पहाटे उठून पोराला तयार करायचं, प्रखर दिव्यांखाली तो तासन्‌तास उभा राहायचा, पडला तर गुडघे त्याचे फुटायचे, आणि बाकी सगळी ही?

"एका अर्थी खरं आहे," बाबा चुकून म्हणाले. ते छापखान्यात मुद्रितं तपासायचे. वाक्यात चूक नसली की त्यांना ते वाक्य आवडायचं.

"अहो, तुम्ही कोणाच्या बाजूचे?"

"मी कुठे बाजू घेतली? मी फक्त वाचलं."

त्या दिवसापासून आवाजवालीचं नाव घरात काढायचं नाही, असं ठरलं. ठरलं म्हणजे आईने ठरवलं. पुढे एकदा चित्रपटाच्या खेळाला दोघी समोरासमोर आल्या, तेव्हा ती बाई हसली, आणि आईने भिंतीवरचं पोस्टर असं निरखून बघितलं की जणू ते पहिल्यांदाच पाहतेय.

बाराव्या वर्षी फुग्याला मिसरूड फुटू लागलं. उंची ताडमाड झाली, गाल बसले. शेवटचा चित्रपट कसाबसा पूर्ण झाला आणि घरातला फोन वाजायचा थांबला. कोणी भांडलं नाही, कोणी काढून टाकलं नाही. फक्त बोलावलं नाही. आईला मनातून बरंच वाटलं. आता शाळा होईल, अभ्यास होईल. तो अभ्यास करायचा, पण वर्गात हजेरी घेताना मागून कोणी तरी बारीक आवाजात "काम सांगा!" म्हणायचं आणि वर्ग खिदळायचा. त्याने कधी मारामारी केली नाही. घरी येऊन आरशासमोर उभा राहून धडे मोठ्याने वाचायचा. शेजाऱ्यांना इतिहास पाठ झाला.

कॉलेजात असताना तो कामासाठी निर्मात्यांकडे फिरला. एकाने सांगितलं, "तुझा चेहरा ओळखीचा वाटतो, पण कोण ते आठवत नाही. प्रेक्षक सगळा वेळ तेच आठवत बसतील." दुसऱ्याने चहा पाजला, जुन्या गोष्टी काढल्या आणि जाताना आपल्या मुलासाठी सही मागितली. काम कोणीच दिलं नाही.

मग एका सकाळी चहाचा कप ठेवत तो म्हणाला, "आई, मी मावशींकडे शिकायला जाणार आहे."

"कोणत्या मावशी? माझी बहीण तर टायपिंग शिकवते."

"आवाजवाल्या मावशी."

आईने कपबशा आपटत गोळा करायला घेतल्या. हा आवाज घरात सगळ्यांना ठाऊक होता. बाबा पेपर घेऊन गॅलरीत गेले.

"तिने तुझं तोंड घेतलं म्हणाला होतास," शेवटी ती म्हणाली.

"म्हणून तर. ज्यांनी घेतलं त्यांच्याकडेच जायला पाहिजे ना परत आणायला?"

"तिच्याबद्दल या घरात एक शब्द बोलायचा नाही. जायचं तर जा."

तो गेला आणि त्याने शब्द पाळला. घरात मावशींचा उल्लेख कधी केला नाही. त्यांनी काय शिकवलं, ते आईला फार पुढे सुनेकडून कळलं. पहिलं वर्षभर मावशींनी त्याला एक वाक्यही बोलू दिलं नव्हतं. फक्त श्वास, खोकला, उचकी, जिने चढताना लागणारी धाप, लग्नाच्या हॉलमधली कुजबुज. "ओठांकडे काय बघतोस?" त्या म्हणायच्या. "ओठ शेवटी हलतात. त्याआधी माणूस श्वास घेतो. गळा बघ. तो श्वास पकडलास की वाक्य आपोआप जागेवर पडतं." वर्षानंतर पहिलं वाक्य दिलं ते एका पहारेकऱ्याचं होतं, "कोण आहे तिकडे?" ते ऐकून त्या म्हणाल्या होत्या, "हा घोगरेपणा आहे ना, तो घासून काढू नकोस. त्यातच पैसे आहेत."

आणि खरोखर त्या घोगऱ्या आवाजानेच त्याला वर काढलं. परदेशी चित्रपटांतले पोलीस अधिकारी, कार्टूनमधला लबाड लांडगा, सिमेंटच्या जाहिरातीतला भारदस्त माणूस, मोठ्या इस्पितळाची लिफ्ट, सगळ्यांना त्याने आवाज दिला. आई पहिल्यांदा त्या लिफ्टमध्ये शिरली आणि "दरवाजा बंद होत आहे" ऐकून दचकलीच. मग अनोळखी माणसांना म्हणाली, "माझा मुलगा आहे." लोकांनी लिफ्टमध्ये मुलगा कुठे दिसतो का ते पाहिलं.

आता त्याच इस्पितळात, त्याच लिफ्टमधून ती फुग्याबरोबर डॉक्टरांकडे गेली होती. तो तिला हळू आवाजात काही सांगत होता आणि शब्द घशात तुटत होते. आणि डोक्यावरून त्याचाच आवाज, स्वच्छ, भरदार, सांगत होता, "चौथा मजला." दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. "त्याला बरं आहे," फुग्या वर बोट दाखवून म्हणाला. "दहा वर्षं झाली, एकदाही सर्दी नाही."

डॉक्टरांचं ऐकून बाहेर आल्यावर आईने त्याला बाकावर बसवलं. "शुक्रवारी करून टाकायचं. बास."

"आई, मालिका अर्ध्यात आहे."

एका लांबलचक परदेशी मालिकेतल्या म्हाताऱ्या नावाड्याला तो आवाज देत होता. म्हातारा घराघरांत पोहोचला होता. अजून मोठा भाग शिल्लक होता आणि तो दर आठवड्याला दाखवला जात होता, म्हणजे थांबायची सोय नव्हती.

"दुसऱ्याला देतील."

"तेच तर. त्या माणसाच्या तोंडात मधेच दुसऱ्याचा आवाज घालायचा? मी नाही घालू देणार. तोंड हलतंय आणि आवाज दुसराच येतोय, ते काय असतं मला माहितीये. मालिका संपू दे, मग कापा गळा."

"तोवर गाठ घट्ट होईल, ऐकलंस ना डॉक्टर काय म्हणाले?"

"होईलच असं नाही म्हणाले. होऊ शकेल म्हणाले."

"बापासारखी मुद्रितं तपासू नकोस!"

त्या दिवसानंतर सगळ्यांनी प्रयत्न करून पाहिले. सून रडली, मग रागावली, मग तिने हात टेकले. बाबांनी त्याला आयुष्यातलं सगळ्यात लांब भाषण दिलं, जवळजवळ दोन मिनिटांचं. फुग्याने सगळ्यांचं शांतपणे ऐकून घेतलं, कारण बोलून गळा वाया घालवायचा नव्हता.

सून म्हणाली, "आई, ते फक्त एकाच माणसाचं ऐकतात. तुम्हाला माहितीये कोणाचं. मी दोनदा फोन केला, पण त्या म्हणाल्या, 'त्याची आई आहे ना? मी मधे पडायची नाही.' तुम्ही केलात तर..."

"तिला? जीव गेला तरी नाही."

"तुमचा जीव नाही जात आहे," सून म्हणाली आणि लगेच जीभ चावली. पण बोलून गेली होती.

मंगळवारी आईने डबा भरला, बाबांना "येते" म्हणाली आणि तडक स्टुडिओत गेली. बोलून होत नाही तर ओढून न्यायचा, असाच बेत होता. रेकॉर्डिंग करणारा माणूस जुना होता. फुग्याच्या अगदी शेवटच्या चित्रपटाच्या वेळी तो तिथे नव्याने लागलेला, आता केस पांढरे झालेले. त्याने तिला काचेच्या अलीकडे खुर्ची दिली.

काचेपलीकडे फुग्या उभा होता. समोर पडद्यावर म्हातारा नावाडी वल्हं टाकून काठावर बसत होता. फुग्याने श्वास घेतला, वाक्य म्हटलं, आणि शेवटच्या शब्दाला आवाज फाटला. त्याने हात वर केला. पुन्हा. पुन्हा फाटला. मग त्याने थर्मासमधलं कोमट पाणी घेतलं, डोळे मिटून घोट घशात धरून ठेवला आणि गळ्यावर हळूच हात फिरवला. दुखऱ्या जनावराच्या अंगावरून फिरवावा तसा. आईने त्याला इतक्या हलक्या हाताने कशालाही शिवताना कधी पाहिलं नव्हतं. तो घाबरलाय. हे त्याने कोणाला सांगितलं नव्हतं, पण तो घाबरलाय.

"रोज असंच?" तिने विचारलं.

"रोज थोडं जास्त," रेकॉर्डिंगवाला म्हणाला. "काकू, मी एकदा हे सगळं पाहिलंय. याच खोलीत. मावशींचं."

"काय पाहिलंय?"

त्याने तिच्याकडे चमकून पाहिलं. "तुम्हाला माहीत नाही? फुग्याच्या शेवटच्या चित्रपटाला मावशींना हीच गाठ झाली होती. हीच. दिग्दर्शक म्हणाला, अर्धं झालंय, राहिलेलं दुसऱ्या बाईकडून करून घेऊ. मावशी त्याच्या अंगावर गेल्या. म्हणाल्या, त्या पोराच्या तोंडात दुसरीचा आवाज घालाल तर याद राखा. लिहून लिहून बोलायच्या आणि माइकसमोर तेवढा आवाज काढायच्या. चित्रपट पूर्ण केला त्यांनी. नंतर ऑपरेशन झालं, पण पोरांचा आवाज काही परत आला नाही. वरचे सूरच गेले. मग शिकवायला लागल्या."

आईला वाटायचं, पोराचं काम संपलं म्हणून आवाजवालीचंही संपलं. खरं तर त्या काळी तिने मनात म्हटलंही होतं, बरी जिरली.

"आणि हे याला माहितीये?"

"माहितीये म्हणजे? त्याच्यासाठी ते देवाच्या जागी आहे. मावशींनी माझ्यासाठी केलं, मग मी एका नावाड्यासाठी का नाही करायचं, म्हणतो. आम्ही काय बोलणार?"

काचेपलीकडे फुग्याने पुन्हा हात वर केला होता. आई उठली. डबा टेबलावर ठेवला.

"ओढून नेणार होते त्याला," ती म्हणाली. "पण हा ओढून येणारा नाही. तिचा नंबर द्या."

रेकॉर्डिंगवाल्याने नंबर लिहून दिला. "काकू, त्या जरा... म्हणजे त्यांना त्या गोष्टीचा अभिमान आहे. चूक झाली असं त्या कधीच म्हणाल्या नाहीत."

"म्हणजे त्याच म्हणायला हव्यात. बाकी कोणी म्हणून उपयोग नाही."

घरी येईपर्यंत तिने काय बोलायचं ते अनेकदा जुळवलं आणि मोडलं. ज्या बाईसाठी आपण तीस वर्षं तोंडाला कुलूप लावलं, तिला फोन करून सांगायचं की तुझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी गोष्ट तू करायला नको होतीस, आणि हे तूच माझ्या मुलाला सांग. कोणती बाई ऐकून घेईल? आपण घेतलं असतं का? नसतं. फोन आदळला असता. आणि समजा ती उलट म्हणाली की करू दे, मीही केलं? मग?

मग पुन्हा फोन करायचा. उद्या. परवाही. शुक्रवारपर्यंत.

बाबा चहा करत होते. तिने सगळं सांगितलं. त्यांनी चहात साखर घातली.

"म्हणजे तू आता मान्य करणार, की बाकी सगळी तीच होती?"

"मुळीच नाही," आई म्हणाली. "दिव्यांखाली तो उभा होता, ती नव्हती. ते भांडण मी सोडलेलं नाही. पण ते तिच्याशी सावकाश भांडेन, दोघी म्हाताऱ्या आहोत, वेळच वेळ आहे. आधी पोराचा गळा."

"काय म्हणून हाक मारणार? आवाजवाली म्हणालीस तर संपलंच."

हा प्रश्न तिला वाटेत सुचलाच नव्हता. बाई म्हणावं तर परकं. मावशी तर मुलाची. वयाने ती चार-पाच वर्षांनी मोठीच असणार.

"ताई म्हणेन," आई म्हणाली.

बाबांनी गॅस बंद केला आणि नळाची बारीक धारही बंद केली. आईने चष्मा लावला, खुर्ची ओढून ताठ बसली आणि नंबर दाबायला घेतला.